बॅकेलाइटची पिवळी बाजू

उधना, सुरत
६ ऑक्टोबर १९९६

चेतन,

आशीर्वाद लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. लागू करून घ्यायचे की नाही ते तू ठरव. दोनदा एसटीडी बूथवरून फोन केला आणि दोन्ही वेळा मी ‘हॅलो’ म्हणताच तुझ्याकडची लाइन कटली. पुण्याच्या टेलिफोन खात्याचं माझ्याशी काही वैर असेल असं वाटत नाही. म्हणून पत्र. पत्र कट करता येत नाही. फार तर फाडता येतं, आणि फाडायच्या आधी माणूस वाचतोच.

कामाचं बोलते. तुझी ती पेटी, जिला कामगार ‘डोळा’ म्हणतात, तुझ्या दाजींच्या ताण्याच्या मशीनवर बसली त्याला दोन महिने झाले. तुटलेला धागा जोडायला माणसाचा हात आत गेला की मशीन थांबवायचं, एवढं एकच काम तिला आहे. दिवाळीच्या सुट्टीआधी शेठ बाकीच्या सगळ्या मशीनवर याच पेट्या बसवणार आहेत. हे त्यांनी गेटवर, सगळ्या पाळीसमोर कबूल केलं आहे. ते कबूल करून घ्यायला मला किती सभा घ्याव्या लागल्या आणि घशाला किती मीठ-पाणी लागलं, हे तुला सांगायला नको.

तर गेल्या आठवड्यात पेटी एकदा गप्प राहिली. दिवा हिरवाच आणि मशीन चालू. दाजींच्या बुशकोटाची बाही फाटली. ते जाऊ दे.

मी पांडेसऱ्याला जाऊन तुझा वर्कशॉप उघडला. धुरपदाबाईंना बोलावून घेतलं. त्यांनी तुझ्याकडे पाच वर्षं पेट्यांचं सोल्डरिंग केलंय, पेटीवर स्थिर विजेच्या ठिणग्या सोडायची तुझी पिस्तूल कशी चालते ते त्यांना माहीत आहे. ठरवलं की ठिणग्या झेलूनही पेटी शुद्धीवर राहते का, ही परीक्षा पुन्हा घ्यायची. जमिनीवर पत्रा, त्यावर लाकडी टेबल, टेबलावर पत्रा, त्या पत्र्यावर वीज न वाहणारी शीट, शीटवर पेटी, आणि पेटीवर ठिणग्या. सगळं जागच्या जागी होतं. फक्त शीट नव्हती.

मी तुझ्या टेबलाच्या खणातली ती परीक्षेच्या नियमांची झेरॉक्स काढली. वाचली, पुन्हा वाचली. शीट अर्धा मिलिमीटर जाड हवी, एवढं लिहिलंय. कशाची हवी, ते नाही. हे नियम लिहिणारा गृहस्थ ऐन महत्त्वाच्या वाक्याच्या मध्येच जेवायला उठला असावा. आणि तू, एवढा हुशार इंजिनियर, तूही कुठे लिहून ठेवलं नाहीस!

मग मी मिळेल ते आणलं. ॲक्रिलिकवर पेटी नापास, ती चक्क बेशुद्ध पडते. ॲक्रिलिक फडक्याने पुसलं की ते स्वतःच विजेने भारलं जातं, कागदाचे कपटे उडून चिकटतात, त्यामुळे दोष पेटीचा की ॲक्रिलिकचा ते कळत नाही. काच ठेवली तर सकाळी दमट हवेत पास, दुपारी कोरड्यात नापास. सागाची पातळ फळी ठेवली, पास. काळं रबर ठेवलं, दणदणीत पास. मला आनंद झाला, मग आठवलं की काळ्या रबरात काजळी कालवलेली असते आणि काजळीतून वीज वाहते. म्हणजे ते रबर नव्हतंच, पळवाट होती.

पेटी एक, ठिणगी एक, आणि निकाल खालच्या वस्तूप्रमाणे बदलतो! हे विज्ञान आहे की भावकीची पंचायत? धुरपदाबाई म्हणाल्या, “ताई, बसायला पाट कसा दिला त्यावर पाव्हणा खूश का नाराज ते ठरतं. तसंच हे.” मी त्यांच्यावर ओरडले. नंतर वाटलं, बरोबर बोलल्या.

तू रागावून का गेलास ते मला ठाऊक आहे. मी गेटवर म्हणाले, “पेटी माझ्या भावाने केली आहे म्हणून ती चांगली, असं मी म्हणणार नाही. पहिली पेटी माझ्या नवऱ्याच्या मशीनवर लावा.” तुला वाटलं मी चार माणसांत तुझ्यावर अविश्वास दाखवला. मला वाटतं मी न्यायाचं बोलले. हा वाद आपण कधीतरी निवांत घालू. आत्ता फक्त एवढं सांग, शीट कशाची होती?

ताई


१५ ऑक्टोबर १९९६

चेतन,

कार्ड मिळालं. माझ्या चार पानांना तुझ्या चार ओळी. “जुनी बॅकेलाइट शीट कपाटामागे आहे. तीच वापर. तिच्यावर पेटी पास झाली होती. पेटीत दोष नाही, दाजींनी बाही दुमडून काम करावं.”

शेवटचं वाक्य मी मोठ्याने वाचलं, तुझ्या दाजींसमोर. ते भाकरी खात होते. म्हणाले, “बरोबर शे त्याचं. उद्यापासून उघडाच जातो.” त्यांना सगळ्याचं हसूच येतं. मला येत नाही. बाही दुमडली की अपघात टळत असेल तर पेटी कशाला हवी? एक शिंपी पुरे! शंभर वर्षं गिरण्यांचे मालक हेच सांगत आले आहेत, माणूस निष्काळजी आहे, यंत्र निर्दोष आहे. मी ह्याच वाक्याविरुद्ध गेटवर उभी राहून आयुष्य घालवलं, आणि ते वाक्य मला पंधरा पैशांच्या कार्डावर माझ्याच भावाच्या अक्षरात वाचायला मिळालं.

असो. शीट सापडली. तपकिरी, जाडी बरोबर, मधोमध जरा पिवळट. तिच्यावर पेटी ठेवली आणि धुरपदाबाईंनी पिस्तूल चालवली. पास. पुन्हा, पास. दुपारी, संध्याकाळी, पंखा लावून, पंखा बंद करून. पास! ज्या पेटीने ॲक्रिलिकवर मान टाकली होती, ती इथे गादीवर बसल्यासारखी ऐटीत.

मॅनेजर बन्सीलाल योगायोगाने आले. योगायोगाने म्हणजे शेठनी धाडलेले. पाहून म्हणाले, “बेन, आता तो खुश ने? तुमची पेटी, तुमचा भाऊ, तुमचाच पास. दसऱ्याला सगळ्या पेट्या लावून टाकतो.” आणि वर, “तुमी दरेक चीजमां शंका करो छो, बेन. कभी भरोसा पण करो.”

मला आनंद व्हायला हवा होता. पण मी वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवते. वर्षभर नापास होणाऱ्या मुलाला वार्षिक परीक्षेत शंभर गुण पडले, तर मी पेढा खाण्याआधी त्याच्या शेजारी कोण बसलं होतं ते पाहते.

ती शीट पिवळी का आहे?

ताई


१९ ऑक्टोबर १९९६

चेतन,

पिवळी का आहे ते कळलं. तू बसला असशील तर बरं, उभा असशील तर बस.

काल शाळा सुटल्यावर पांडेसऱ्याला गेले. धुरपदाबाई दसऱ्याची साफसफाई करत होत्या. मी शीट उचलून उजेडात धरली आणि विचारलं, “बाई, हा डाग कशाचा?”

“डाग कसला म्हणता? हळद हाय ती.”

“हळद कुणी लावली?”

“मीच की. गेल्या दसऱ्याला. पूजा नको का? हळद-कुंकू लावलं, पाणी शिंपडलं, न् चेतनभाऊंनी वर नारळ फोडला. पाणी सगळ्या शीटवर गेलं. मी पुसाया लागले तर भाऊ म्हणले, राहू द्या, प्रसाद आहे. दुसऱ्याच दिवशी पेटी पास झाली बघा. त्याच्या आधी महिनाभर होत नव्हती.”

मी तिथेच स्टुलावर बसले. तिथून पडले नाही एवढंच.

मग मी काय केलं ते सांगते. शीटच्या मध्यावर पेन्सिलीने रेघ मारली. एक अर्धी बाजू साबणाने, मग स्पिरिटने धुतली, उन्हात वाळवली. दुसरी अर्धी तशीच ठेवली, तुझ्या प्रसादासकट. पिवळ्या बाजूवर पेटी ठेवली, पास. उचलून स्वच्छ बाजूवर ठेवली, नापास. धुरपदाबाईंना वाटलं मी पिस्तुलात काही केलं, म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने केलं. तेच! एकच शीट, मध्ये पेन्सिलीची रेघ, आणि रेघेच्या अलीकडे तुझी पेटी शूर, पलीकडे बेशुद्ध.

तुला कारण सांगायची गरज नाही, पण मी सांगणार, कारण तू ऐकायला हवंस. हळद, कुंकू, नारळाचं पाणी, त्यातलं मीठ आणि साखर, हे सगळं वाळून शीटवर एक पापुद्रा झाला. सुरतच्या हवेतला ओलावा तो ओढून घेतो. पेटीवर पडलेला विजेचा भार त्या पापुद्र्यातून गुपचूप खालच्या पत्र्यात उतरतो. शीटने जे अडवायचं होतं तेच तिने सोडून दिलं. परीक्षेत सुपरवायझरच उत्तरं सांगत होता, चेतन! आणि मशीनवर? तिथे तुझी पेटी प्लॅस्टिकच्या पट्टीवर टांगलेली. पॉलिएस्टरचे शेकडो धागे तिच्या शेजारून दिवसभर सरसरत जातात, माणसाच्या हातावरचे केस उभे राहतात. भार साठतो, उतरायला वाट नाही, आणि मग एकदम लोखंडाकडे उडी मारतो. पेटीचा मेंदू बधिर होतो. दिवा हिरवाच राहतो. अजून थंडीच्या कोरड्या हवेचे दिवस यायचेत.

ज्या बाईने पंधरा वर्षं गणेशोत्सवात अंधश्रद्धेवर भाषणं दिली, तिच्या भावाने नारळाच्या जोरावर पेटी पास केली. मला वाटतं हे तू मला चिडवायला केलंस.

आता ती बाहीची गोष्ट. मी नुसतं ‘बाही फाटली’ असं लिहिलं होतं ना? लिहिताना बरं वाटलं म्हणून लिहिलं. बाही खांद्यापासून गेली. सुकदेव शेजारच्या मशीनवर होता, त्याने धावत येऊन मुख्य स्विच खाली पाडला. दाजींच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत दोऱ्यांचे वळ आहेत, अजून. मी विचारलं तर म्हणतात, “शे ना हात जागावर! मंग?” हात जागेवर आहे कारण बुशकोट जुना होता. नवा असता तर शिवण उसवली नसती. तुझ्या पेटीने नाही, जुन्या कापडाने हात वाचवला. आणि तरीही ते रोज त्याच मशीनवर जातात, कारण पहिली पेटी कुठे लावायची हे मीच गेटवरून सांगितलं होतं.

कळलं आता? मला तुझी माफी नको, पश्चात्तापाची कार्डं नकोत. शीटचा प्रश्न मी सोडवला आहे. उधना दरवाजाजवळ मोटारी बांधणारा एक जण आहे, तो गुंडाळ्यांमध्ये पॉलिएस्टरचा चिवट कागद घालतो. पाव मिलिमीटरचा, दोन थर घेतले की अर्धा. पाणी पीत नाही, पुसला की स्वच्छ, मात्र पुसल्यावर भारला जातो, म्हणून ठिणगीआधी दहा मिनिटं पंख्याखाली सोडायचा. सगळं शहर पॉलिएस्टर विणतं, पॉलिएस्टर रंगवतं, पॉलिएस्टर नेसतं, आणि मी बाजारभर ॲक्रिलिक शोधत फिरत होते. हसायचं तर हस.

पण पेटी मी दुरुस्त करू शकत नाही. ते तुलाच येतं. ये.

उज्ज्वलाताई


दसऱ्याचा दुसरा दिवस

चेतन,

तू आला नाहीस. कार्डही नाही. तरी सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर ते हसतील. काल हसलेच.

काल दुपारी कारखान्यात मशीनची पूजा होती. नव्या पेट्या खोक्यांतून बाहेर काढून ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीवर झेंडूचं फूल. बन्सीलालनी मला मुद्दाम बोलावलं, दोन शब्द बोला म्हणून. मी बोलले. मी शीट घेऊन गेले होते, ती वर धरली, पेन्सिलीची रेघ दाखवली, अलीकडची बाजू, पलीकडची बाजू, सगळं फोड करून सांगितलं. माझा आवाज चांगला लागला होता. शेवटी म्हणाले, “म्हणजे लक्षात घ्या, ही पेटी स्वतःच्या गुणाने पास झालेली नाही. ती नारळामुळे पास झाली!”

मग मागून सुकदेव ओरडला, “मंग ताई, नारळ लागू पडनाच ना!”

नारळ लागू पडला म्हणे, आणि टाळ्या. चेतन, टाळ्या! कोणीतरी म्हणालं, “ताईंनी मानलं, ताईंनी मानलं.” दुसरा म्हणाला, “सगळ्या पेट्यांवर फोडा, एकेक!” बन्सीलाल दोन्ही हात जोडून हसत, “बेन, नारियल तो सस्ता छे. मंगावी लउं?” पंधरा वर्षांची भाषणं एका वाक्यात बुडाली, आणि ते वाक्य माझंच. मी इतकी संतापले की हातातली शीट बन्सीलालच्या हातात कोंबली. असं माझं होत नाही, तुला माहीत आहे.

मग मी म्हणाले, “ठीक आहे. फोडा नारळ. माझ्या नवऱ्याच्या मशीनवरच्या पेटीवर फोडा. हळद लावा, कुंकू लावा, हात जोडा. मी पण जोडते. आणि मग बघू.”

धुरपदाबाईंना पुढे केलं. त्यांनी मनापासून पूजा केली, त्यात मी काही खोट काढणार नाही. मशीन चालू करायला लावलं आणि बराच वेळ चालू दिलं, भार साठेपर्यंत. मी पिशवीतून दाजींचा तो फाटका बुशकोट काढला. उरलेल्या बाहीत काथ्या भरून ती बांबूला बांधून आणली होती. आधी ठरवूनच आणली होती, हे मान्य करते.

बांबू आत घातला. मशीन थांबलं.

“बोला!” सुकदेव ओरडला, आणि पुन्हा टाळ्या. परत चालू केलं, परत बांबू, परत थांबलं. लोक आता मला नमस्कार करायला लागले, थट्टेने. तुझी पेटी नेहमीच झोपत नाही, कधीकधी झोपते, तेच तर तिचं भयंकर आहे! ती काल जागीच राहिली असती तर सगळ्या पेट्या संध्याकाळी बसल्या असत्या आणि मग पुढच्या कोरड्या दुपारी कुणाची तरी बाही नवी असती. मी आयुष्यात पहिल्यांदा मनात एक नवस बोलले. कुणाला बोलले आणि काय बोलले ते तुला सांगणार नाही.

पुन्हा चालू केलं. काथ्याची बाही आत गेली, आणि गेलीच. बांबू माझ्या हातातून हिसकला गेला. दोऱ्यांनी तो गुंडाळला, कडकड मोडला, बुशकोटाचं बटण उडून बन्सीलालच्या कपाळावर बसलं. दिवा हिरवा. पेटीच्या कपाळावर कुंकू, आणि दिवा हिरवा! सुकदेवनेच पुन्हा स्विच पाडला.

धुरपदाबाई हळूच म्हणाल्या, “देवानं नारळ घेतला, पण काम माणसाचं ते माणसानंच कराया पाहिजे.” मी पुढचं भाषण केलं नाही. त्यांच्या वाक्यानंतर गरज नव्हती.

शेठचा निरोप संध्याकाळी आला. जुनी पेटी काढली, ताण्याची मशीनं दिवाळीपर्यंत अर्ध्या वेगाने चालतील. लाभपाचमीला कारखाना उघडेल त्या सकाळी पेटी बनवणाऱ्याने स्वतः येऊन, दुरुस्त पेटी स्वच्छ शीटवर पास करून, सगळ्यांसमोर मशीनवर चालवून दाखवली तर बाकीच्या बसतील. नाही आला तर पेट्यांचा विषय कायमचा बंद आणि वेग पुन्हा पूर्ण.

म्हणजे मी भांडून मिळवलं ते मीच बांबूने मोडलं. आता ते तुझ्या हातात आहे, ज्या हाताने तू फोन ठेवतोस.

ताई


भाऊबीज

चेतन,

पाट मांडला आहे. ताट मांडलं आहे. तू नाहीस. कारखाना बंद म्हणून अर्धी वस्ती धुळ्या-जळगावकडच्या गाड्यांना लटकून गावी गेली आहे. आम्ही गेलो नाही, कारण मला वाटलं तू येशील. हे मी दाजींना सांगितलं नव्हतं. त्यांनी ओळखलं. “ई जाई तो. तू कटकट नको करू.” म्हणाले. येईल म्हणे!

मी कटकट करते! बहिणीने पानंच्या पानं लिहिली की ती कटकट, आणि भावाने चार ओळी लिहिल्या की तो स्वाभिमान. अपमान, अपमान! मी गेटवर एक वाक्य बोलले तर तुझा अपमान झाला. त्या मशीनवर उभा राहणाऱ्याचा हात गेला तर त्याला काय म्हणायचं, त्यासाठी तुझ्याकडे शब्द आहे का? तू मोठ्या कंपनीत लागलास, तिथे तुझ्या टेबलाखाली उत्तम शीट असेल, खोलीतली हवा मोजूनमापून कोरडी केलेली असेल. चांगलं आहे. पण पेटी तिथे टांगायची नाहीये. ती पांडेसऱ्यात टांगायची आहे, जिथे धुरपदाबाई हळद लावतात, सुकदेव शिट्ट्या मारतो, आणि हवा सकाळी ओली, दुपारी कोरडी असते. पेटीला इथे शहाणं राहायचं आहे.

ओवाळणीत मला साडी नको. तू दर वर्षी पॉलिएस्टरचीच आणतोस आणि ती अंगाला चिकटते. तू ये आणि हातात सोल्डरिंग आयर्न घे, एवढीच ओवाळणी.

ताट झाकून ठेवते.

ताई


लाभपाचम, संध्याकाळी

चेतन,

तू मूर्ख आहेस. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं शांतपणे लिहिता येईल.

तू परवापासून पांडेसऱ्यात होतास. वर्कशॉपमध्ये झोपलास, धुरपदाबाईंच्या घरून डबा खाल्लास, त्यांना शपथ घातलीस की ताईला सांगू नका. त्यांनी सांगितलं नाही. त्या शपथा फार पाळतात. मला आज सकाळी गेटवर कळलं, तुला पाहिल्यावर. दाढी वाढलेली, हातात पेटी, आणि काखेत गुंडाळलेला तो पॉलिएस्टरचा कागद, दोन थर. म्हणजे माझी पत्रं तू वाचत होतास. फाडत नव्हतास.

काम चांगलं केलंस. ते मला मान्य करावं लागतं, आणि मी करते. प्लॅस्टिकची पट्टी काढून लोखंडाची लावलीस, पेटीचं अंग मशीनच्या अंगाला तारेने बांधलंस, भार साठायच्या आधीच उतरतो. आणि ते दुसरं, जे मला सुचलंच नसतं: पेटी बेशुद्ध पडली तर मशीन चालू राहत नाही, थांबतं. पूर्वी तिचं मौन म्हणजे ‘सगळं ठीक’ होतं. आता तिचं मौन म्हणजे ‘थांबा’. हे वाक्य मी पुढच्या सभेत वापरणार आहे, तुझं नाव घेऊन.

स्वच्छ शीटवर तू सगळ्यांसमोर ठिणग्या घेतल्यास. बन्सीलालनी स्वतः कागद पुसला. तुम्ही सगळे दहा मिनिटं पंख्याखाली त्या कागदाकडे बघत उभे होतात तेव्हा मला हसू येत होतं. पेटी पास झाली. मग मशीनवर लावायची वेळ आली आणि बन्सीलालनी विचारलं, “बेन, पहेली कुठे?”

मी तेच म्हणाले जे श्रावणात म्हणाले होते. “पहिली पेटी माझ्या नवऱ्याच्या मशीनवर लावा.”

तू माझ्याकडे पाहिलंस. शब्द तेच होते, चेतन. मी एकही बदलला नाही. श्रावणात तुला त्यात अविश्वास ऐकू आला होता. आज काय ऐकू आलं ते तुला ठाऊक.

मी नवा बांबू आणला होता. काथ्या भरलेली बाही तयार होती. मशीन चालू झालं, बराच वेळ चाललं, धागे सरसरू लागले, सुकदेवच्या हातावरचे केस उभे राहिले ते त्याने सगळ्यांना दाखवले. दाजी पुढे आले, बांबू बाजूला केला आणि आपलाच हात उचलला. म्हणाले, “बांबू काय पगार लेस का मशीनवर?” मी ओरडले. आणि त्यांच्या दंडाला धरून त्यांना मागे ओढून तू, पूर्ण बाहीचा शर्ट घातलेला तू, बाही न दुमडता, स्वतःचा उजवा हात आत घातलास.

“पहिला हात माझा, दाजी.”

मशीन थांबलं. दिवा लाल. तुझी बोटं दोऱ्यांपासून टीचभर लांब.

लोकांनी काय केलं ते मला माहीत नाही, मी पाहत नव्हते. मी डोळे मिटले होते. गेटवर शेकडो वेळा उभी राहिलेली मी, डोळे मिटून उभी होते.

आता ऐक. एका प्रयोगाने काहीही सिद्ध होत नाही, हे मी तुला सातवीत शिकवलं होतं, छडी घेऊन. ती जुनी पेटीसुद्धा दोनदा थांबली होती, आणि मग बांबू गेला. हे तू वाचलं होतंस! हाताला धरून दाखवल्यासारखं लिहिलं होतं मी. तरी तू हात घातलास. हे विज्ञान नाही, नवस आहे. तुझ्यात आणि धुरपदाबाईंत फरक एवढाच की त्या नारळ देतात.

बाकीच्या पेट्या उद्यापासून बसतील. प्रत्येक पेटी स्वच्छ शीटवर आधी तपासायची, असं मी बन्सीलालकडून वदवून घेतलं आहे. धुरपदाबाईंनी विचारलं, पुढच्या दसऱ्याला हळद कुठे लावायची? मी म्हणाले, टेबलाच्या पायाला. पायाला चालते. शीटला कुणी हात लावला तर तो माझ्याशी बोलेल. त्या म्हणाल्या, “न् नारळ?” मी म्हणाले, बाहेर, उंबऱ्यावर. एवढं मी सोडलं. माझ्या शाळेतल्या मुलांना सांगू नकोस.

सगळे पाठ थोपटत होते आणि तू गर्दीतून निसटलास. मला वाटलं हात धुवायला गेलास. दाजी स्टेशनपर्यंत धावले, गाडी सुटली होती.

चेतन, भाऊबीजेचं ताट तीन दिवस झाकून ठेवलं होतं. आज सकाळी मी सगळं पुन्हा ताजं केलं होतं. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, तुला लागतो तसा खरपूस ठेचा. तू माझ्या नवऱ्याच्या हाताऐवजी आपला हात दिलास, आणि त्याच हाताने दोन घास खायला तुला वेळ नव्हता?

ताट धुतलेलं नाही. झाकलेलंच आहे.

तुझी ताई